मानेगावचा दगड, पोलादपूरचा कातळ आणि वेस्टाचे कवच

महाडहून भोरकडे निघालेला रस्ता वरंध गाव मागे टाकतो आणि सह्याद्रीच्या अंगावर चढू लागतो. कावळ्या किल्ल्याच्या खिंडीपर्यंत आणि वाघजाईच्या देवळापर्यंत जाताना डाव्या-उजव्या हाताला रस्त्यासाठी फोडलेला कातळ उघडा पडलेला दिसतो. प्रवाशाची नजर बहुधा दरीकडे असते. ती थोडा वेळ कातळाकडे वळवली, तर त्याची रचना ध्यानात येते. खाली घट्ट काळा पाषाण आणि वर बारीक पोकळ्यांनी भरलेला, ठिसूळ होत गेलेला त्याचाच माथा, असा एकेक लाव्ह्याचा थर आहे. पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक चमकतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे वीतभर जाडीची तांबडी, मातकट रेघ सापडते. खालचा लाव्हा थंड झाला, त्यावर ऊनपाऊस झाला, त्याची माती होऊ लागली आणि मगच वरचा लाव्हा त्यावर पसरला, एवढा मोठा कालखंड त्या रेघेत साठलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांचा हा दप्तरखाना घाटाने आपल्यासमोर उलगडून ठेवला आहे.

पृथ्वीचे कवच वाचायला असे घाट आहेत, नद्यांनी कापलेल्या दऱ्या आहेत, खाणी आणि विहिरी आहेत. पण मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या, जेमतेम सव्वापाचशे किलोमीटर व्यासाच्या एखाद्या लघुग्रहाचे कवच कसे वाचायचे? तिथे कोणी उतरलेले नाही, तिथला खडा कोणी उचलून आणलेला नाही. तरीही वेस्टा या लघुग्रहाच्या कवचात वर काय आहे, खाली काय आहे, ते केव्हा वितळले, केव्हा गोठले आणि पुढे त्यावर कोणते आघात झाले, याची बरीच हकीकत आज सांगता येते. ती हकीकत आकाशातून पडलेल्या दगडांनी सांगितली, आणि त्यांतला एक दगड आपल्या खानदेशात पडला होता. या दगडांचा पत्ता शोधण्याच्या कामात काशी, कलकत्ता, लंडन, व्हिएन्ना, अहमदाबाद अशा अनेक ठिकाणच्या माणसांचे हात लागले. आपण त्या वाटेने सावकाश जाऊ.

आकाशातून दगड पडतात, ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हती. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांसाठी एक स्वतंत्र अध्याय खर्ची घातला आणि त्यांचे पाच प्रकार सांगितले. त्यांतला एक प्रकार म्हणजे अशनी. मोठा आवाज करत माणसांवर, जनावरांवर, झाडांवर, घरांवर कोसळणारी आणि जमीन फोडणारी, असे तिचे वर्णन आहे. आज मराठीत जमिनीपर्यंत पोचलेल्या दगडाला आपण अशनी म्हणतो, ते या जुन्या परंपरेला धरूनच. पण वराहमिहिराचे लक्ष फलज्योतिषाकडे होते. पडलेली वस्तू उचलून तिचे काय करावे, हा त्याचा विषय नव्हता. तो विचार आपल्याला जहांगीर बादशहाच्या आठवणींत सापडतो. १६२१ च्या एप्रिल महिन्यात जालंदर परगण्यातील एका गावात मोठ्या गडगडाटासह एक तेजस्वी गोळा कोसळला. तिथल्या अंमलदाराने जमीन खणवली, तेव्हा खोलवर लोखंडाचा गरम गोळा हाती आला. तो दरबारात आणून तोलला, तेव्हा १६० तोळे भरला. बादशहाने तो उस्ताद दाऊद या लोहाराकडे सोपवला. नुसते ते लोखंड घणाखाली तुटते, असे दाऊदने सांगितले. मग तीन भाग आकाशातले आणि एक भाग साधे लोखंड मिसळून दोन तलवारी, एक सुरी आणि एक खंजीर घडवला गेला. जहांगिराने ठिकाण, वजन, मिश्रणाचे प्रमाण आणि धातूचा गुण, सगळे टिपून ठेवले. युरोपातले विद्वान आकाशातून दगड पडतात हेच मान्य करायला तयार नव्हते, त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधीची ही नोंद आहे. अशनीच्या इतिहासात तिला मानाचे पान मिळायला हवे.

युरोपात वारे फिरले ते १७९४ नंतर. त्या वर्षी अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन अभ्यासकाने लहानसे पुस्तक छापून, असे दगड आणि लोखंडाचे गोळे पृथ्वीबाहेरून येतात, असे ठामपणे मांडले. बहुतेकांनी त्याची हेटाळणी केली. मग १९ डिसेंबर १७९८ च्या रात्री काशीजवळच्या क्राखुत गावात निरभ्र आकाशातून दगडांचा वर्षाव झाला. त्यांतले काही लंडनला पोचले आणि एडवर्ड हॉवर्ड या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या हाती आले. हॉवर्डने काशीचे, इंग्लंडचे, इटलीचे आणि बोहेमियाचे दगड शेजारी शेजारी ठेवून त्यांचे पृथक्करण केले. हजारो मैलांच्या अंतराने पडलेल्या या दगडांची घडण एकसारखी निघाली आणि त्यांतल्या लोहात निकेल आढळले. १८०२ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील लेगल येथे भरदिवसा हजारो दगड कोसळले आणि वाद मिटला. दगड वरून येतात हे ठरले. नेमके कुठून येतात, हा प्रश्न मात्र तेव्हा उघडला तो पुढची पावणेदोनशे वर्षे उघडाच राहिला.

याच सुमारास आकाशात दुसरी एक गोष्ट घडत होती. १ जानेवारी १८०१ रोजी पियात्झी या खगोलशास्त्रज्ञाला सिरीस हा पहिला लघुग्रह सापडला होता. २९ मार्च १८०७ रोजी ब्रेमेनच्या हाइनरिख ओल्बर्सला चौथा लघुग्रह दिसला. त्याला वेस्टा हे नाव गाउस या गणितज्ञाने दिले. सगळ्या लघुग्रहांत हाच सर्वांत तेजस्वी. काळोख्या रात्री जागा नेमकी माहीत असेल, तर तो कधीकधी नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. हे लघुग्रह म्हणजे फुटलेल्या एखाद्या मोठ्या ग्रहाचे तुकडे असावेत, अशी ओल्बर्सची कल्पना होती. वेस्टा सापडल्याला चौदा महिने होत नाहीत, तोच २२ मे १८०८ रोजी मोराव्हियातील स्टानर्न गावाच्या परिसरात शेकडो दगड पडले. ते काशीच्या दगडांसारखे नव्हते. त्यांत लोहाचे कण जवळजवळ नव्हते आणि बाहेरचे जळकट कवच काळ्या वार्निशासारखे चकचकीत होते. आत पाहिले, तर एखाद्या ज्वालामुखीतून निघालेला खडक वाटावा. वेस्टा आणि स्टानर्न यांचा संबंध जोडण्याचे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते.

आता आपण खानदेशात येऊ. तापी आणि पूर्णा यांच्या संगमाच्या मुलखात, ज्याला तेव्हा एदलाबाद म्हणत आणि आज मुक्ताबाईच्या नावाने मुक्ताईनगर म्हणतात, त्या गावाजवळच्या मानेगावी २९ जून १८४३ रोजी दुपारी मोठे स्फोटासारखे आवाज झाले आणि एक दगड खाली आला. पावसाळ्याचे दिवस होते. वीज कडाडली असेच अनेकांना वाटले असेल. जमिनीवर आपटताच तो दगड फुटला. तो मुळातच भुसभुशीत होता. त्यातला बहुतेक भाग हरवला आणि जपून राहिले ते काही तोळ्यांचे तुकडे. ते कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन यांच्याकडे गेले. पिडिंग्टन मूळचे जहाजावरचे माणूस. पुढे कलकत्त्याच्या आर्थिक भूविज्ञान संग्रहालयाचे अभिरक्षक झाले आणि बंगालच्या उपसागरातील वादळांचा त्यांनी इतका अभ्यास केला की ‘सायक्लोन’ हा शब्दही त्यांचाच. १८४४ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मानेगावच्या दगडाचे वर्णन छापले. ते छापले नसते, तर खानदेशातला हा प्रसंग त्या गावच्या दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीबरोबर संपला असता. ३० नोव्हेंबर १८५० रोजी बंगालमधील बांकुड्याजवळ शालका येथे मानेगावच्या दगडाचा जणू भाऊच पडला.

या दगडांना कुळे आणि नावे मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. इंग्लंडमधील हेन्री सॉर्बी यांनी खडकाची इतकी पातळ चकती घासायला शिकवले की तिच्यातून प्रकाश आरपार जावा. मग ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली खनिजे आपापले रंग दाखवू लागली. ही युक्ती अशनींवर वापरली गेली आणि दगडाचे अंतरंग वाचता येऊ लागले. १८६३ मध्ये बर्लिनच्या गुस्ताफ रोझे यांनी संग्रहालयातील अशनींची वर्गवारी केली. स्टानर्नसारख्या, फेल्डस्पर आणि पायरॉक्सिन या खनिजांनी बनलेल्या दगडांना त्यांनी युक्राइट म्हटले. निरनिराळ्या खडकांचा चुरा एकत्र घट्ट झालेल्या दुसऱ्या एका कुळाला काशीच्या दगडांची परीक्षा करणाऱ्या हॉवर्डच्या स्मरणार्थ हॉवर्डाइट हे नाव दिले. मानेगावचा तुकडा तोवर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचला होता. तिथले खनिजांचे अभिरक्षक नेव्हिल स्टोरी-मॅस्केलाइन यांनी १८७० मध्ये त्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले. फिकट पिवळसर-हिरव्या, एकमेकांना सैल चिकटलेल्या कणांचा तो दगड जवळजवळ पूर्णपणे एकाच खनिजाचा, मॅग्नेशियमने समृद्ध अशा पायरॉक्सिनचा निघाला. १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या गुस्ताफ चेर्माक यांनी मानेगाव आणि शालका यांच्यासारख्या दगडांचे कूळ वेगळे काढले. अशनी पृथ्वीबाहेरून येतात असे मानणाऱ्या अपोलोनियाच्या डायोजिनीस या प्राचीन ग्रीक विचारवंताच्या नावावरून त्याला डायोजिनाइट म्हणतात.

मॅस्केलाइन यांच्या नावाचा एक धागा लोणारला येऊन मिळतो. बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ मध्ये पडलेल्या अशनीत चेर्माकना फेल्डस्परसारखा दिसणारा, पण काचेसारखा झालेला एक पदार्थ आढळला होता. १८७२ मध्ये त्यांनी त्याला मॅस्केलिनाइट हे नाव दिले. प्रचंड आघाताच्या धक्क्याने फेल्डस्पर न वितळताच काच बनतो, हे कळायला पुढे बरीच वर्षे लागली. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराची १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने नोंद केली, तेव्हापासून ते ज्वालामुखीचे मुख की आणखी काही, यावर वाद चालू होता. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकी सहकाऱ्यांनी लोणारच्या तळाखालील खडकात मॅस्केलिनाइट दाखवला आणि हे विवर अशनीच्या आघाताने पडले हे सिद्ध झाले. काळ्या बेसाल्टात पडलेले इतके चांगले टिकलेले विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. बेसाल्टी पृष्ठभागाच्या ग्रहगोलांवर आघात झाला की खडकाचे काय होते, हे पाहायला जगभरचे अभ्यासक म्हणून लोणारला येतात.

दख्खनच्या बेसाल्टाने या अभ्यासाला आणखी एक गोष्ट जवळून दाखवली, आणि तिथे आपल्याला वरंधच्या शेजारी, पोलादपुरात यावे लागते. सह्याद्रीतले लाव्ह्याचे थर डोळ्यांना सारखेच दिसतात. इथला थर कुठे संपतो आणि तिथला कुठे सुरू होतो, हे नुसत्या रंगावरून सांगणे अवघड. १९८० च्या दशकात महोनी, कॉक्स, हॉक्सवर्थ आदी अभ्यासकांनी महाबळेश्वरच्या परिसरातील घाटांतून पायथ्यापासून माथ्यापर्यंत क्रमाने नमुने घेतले आणि त्यांतील बेरियम, स्ट्रॉन्शियम, टायटॅनियम यांसारखी मूलद्रव्ये व समस्थानिके मोजली. थरांची रासायनिक ओळख पटली आणि त्यांचे गट पडले. त्यांतल्या एका गटाचे नाव आज जगभरच्या भूविज्ञानाच्या ग्रंथांत ‘पोलादपूर फॉर्मेशन’ असे आहे आणि त्याच्या वरच्या गटाचे ‘आंबेनळी फॉर्मेशन’. या दोहोंमधला फरक मोठा बोलका आहे. आंबेनळीचा लाव्हा बऱ्याच अंशी निर्मळ, खोल प्रावरणातून आला तसा बाहेर पडला. पोलादपूरच्या लाव्ह्यात मात्र भेसळ आहे. वर येताना तो वाटेतल्या अतिप्राचीन ग्रॅनाइटी कवचात रेंगाळला, त्याचा काही भाग वितळवून त्याने स्वतःत मिसळून घेतला. त्या जुन्या कवचात रुबिडियम अब्जावधी वर्षे क्षय पावत होते, त्यामुळे तिथले स्ट्रॉन्शियम वेगळ्या प्रमाणाचे होते. तीच खूण पोलादपूरच्या काळ्या कातळात उतरली. म्हणजे खाली दडलेले, आपल्याला कधीही न दिसणारे कवच त्यातून वर आलेल्या लाव्ह्याने आपल्या अंगावर नोंदवून ठेवले. मला या सगळ्या मागोव्यात हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. वेस्टाचे कवच वाचताना पुढे नेमकी हीच दृष्टी कामी आली.

पण आधी दगडांचा पत्ता सापडायला हवा होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एवढे कळले होते की युक्राइट, डायोजिनाइट आणि हॉवर्डाइट ही तीन कुळे एकाच घरातली असावीत. हॉवर्डाइटमध्ये इतर दोन्ही कुळांचे तुकडे एकत्र सापडत होते. पुढे शिकागोच्या रॉबर्ट क्लेटन आणि तोशिको मायेदा यांनी ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले, तेव्हाही तिघांची खूण एकच निघाली. घर कोणते? १९७० मध्ये मॅकॉर्ड, अॅडम्स आणि जॉन्सन यांनी वेस्टावरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशाचा वर्णपट काढला. अवरक्ताच्या उंबरठ्यावर त्यात एक खळगा दिसला. पायरॉक्सिन तिथलाच प्रकाश शोषून घेते, आणि प्रयोगशाळेत ठेवलेल्या युक्राइटचा वर्णपट अगदी तसाच होता. १९७७ मध्ये कॉन्सोल्माग्नो आणि ड्रेक यांनी युक्राइटच्या रसायनावरून दुसऱ्या बाजूने तोच निष्कर्ष काढला. मात्र आकाशगतीचे अभ्यासक मान हलवत नव्हते. वेस्टा आहे त्या जागेवरून तुकडे पृथ्वीपर्यंत येणार कसे? ज्या पट्ट्यातला दगड गुरूच्या ओढीने डळमळून आतल्या ग्रहांकडे फेकला जातो, जिथे गुरूच्या एका फेरीत लघुग्रहाच्या तीन फेऱ्या होतात, तो पट्टा वेस्टापासून बराच दूर होता.

१९९३ मध्ये रिचर्ड बिन्झेल आणि शुइ शू यांनी ही मधली वाट भरून काढली. वेस्टासारखाच वर्णपट असलेले वीस छोटे लघुग्रह त्यांना सापडले. काही वेस्टाच्या जवळ होते आणि काही थेट त्या गुरूच्या पट्ट्याच्या कडेपर्यंत पसरलेले. वेस्टाचे टवके उडाले होते आणि ते वाटेवर विखुरलेले दिसत होते. तीन-चार वर्षांत हबल दुर्बिणीने ज्या जखमेतून ते उडाले तीही दाखवली. वेस्टाच्या दक्षिण ध्रुवावर सुमारे ४६० किलोमीटर रुंदीचे, म्हणजे जवळजवळ लघुग्रहाएवढेच विवर होते.

याच दशकात राजस्थानात दोन मोलाचे दगड पडले. ३० ऑक्टोबर १९९४ रोजी जोधपूर जिल्ह्यातील लोहावट येथे हॉवर्डाइट, आणि २० जून १९९६ रोजी पाली जिल्ह्यातील पिपलिया कलान येथे युक्राइट. मानेगाव आणि शालकाचे डायोजिनाइट धरले, तर वेस्टाच्या घरातली तिन्ही कुळे आपल्या भूमीवर उतरली. पिपलियाचा दगड अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेला. जी. श्रीनिवासन, जितेंद्रनाथ गोस्वामी आणि नरेंद्र भंडारी यांनी त्याच्या एका मुद्द्यावर बोट ठेवले. एवढासा लघुग्रह वितळला तरी कशाने? पृथ्वीसारखी अंतर्गत उष्णता टिकवून धरण्याएवढा तो मोठा नाही. १९५५ मध्ये हॅरल्ड युरी यांनी सुचवले होते की सूर्यमालेच्या जन्मकाळी असलेले अल्युमिनियम-२६ हे अल्पजीवी समस्थानिक ही उष्णता पुरवत असावे. त्याचा अर्धायुकाल सुमारे सात लाख वर्षे, म्हणजे ते केव्हाच संपून गेले आणि मागे मॅग्नेशियम-२६ उरले. अहमदाबादच्या चमूने आयन मायक्रोप्रोबने पिपलियाच्या फेल्डस्परचे सूक्ष्म ठिपके तपासले. जिथे अल्युमिनियम जास्त आणि मॅग्नेशियम नगण्य, तिथे मॅग्नेशियम-२६ नेमके वाजवीपेक्षा अधिक भरले. हे १९९९ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. वितळून थर पडलेल्या एखाद्या लघुग्रहाच्या दगडात त्या विझलेल्या निखाऱ्याचा पुरावा पहिल्यांदा मिळाला होता. त्याचा अर्थ असा की सूर्यमालेच्या आरंभापासून थोड्याच दशलक्ष वर्षांच्या हिशेबात मोजावे इतक्या लवकर, पृथ्वी अजून पुरती घडलीही नव्हती तेव्हा, वेस्टावर लाव्हा वाहून गोठला होता.

आता कवचाची कथा जुळवून सांगता येते. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी वेस्टा तापला, वितळला. वर आलेल्या लाव्ह्याचे आणि उथळ जागी गोठलेल्या शिलारसाचे युक्राइट झाले. वरंधच्या कातळाचे ते दूरचे नातलग म्हणावेत असे बेसाल्ट. त्यांच्याखाली, अधिक खोलवर, हळूहळू थंड होणाऱ्या शिलारसातून पायरॉक्सिनचे जड स्फटिक तळाशी बसले, त्यांचे डायोजिनाइट झाले. मानेगावचा दगड त्या तळघरातला. नंतर अशनींच्या माऱ्याने वरखालचे सगळे फुटून मिसळले, त्या चुऱ्याचे हॉवर्डाइट झाले. हे सरळ चित्र अनेक वर्षे मान्य होते. पण स्टानर्नचा दगड त्यात नीट बसत नव्हता. त्यात काही मूलद्रव्ये इतर युक्राइटपेक्षा जास्त होती. २००७ मध्ये ज्याँ-आलिक्स बारा आणि सहकाऱ्यांनी उलगडा केला. स्टानर्नच्या लाव्ह्याने वर येताना वेस्टाचे आधीच गोठलेले कवच थोडे वितळवून स्वतःत घेतले होते. पोलादपूरच्या लाव्ह्याने ग्रॅनाइटी कवचाशी जे केले, तेच. २०१० मध्ये त्यांनी काही डायोजिनाइटमध्येही अशीच भेसळ दाखवली. मग क्रम उलटा होतो. हे डायोजिनाइट युक्राइटच्या आधीचा गाळ नसून, तयार झालेल्या कवचात मागाहून घुसलेल्या शिलारसाचे आहेत. वेस्टाचे कवच एका दमात गोठले नाही. वाघजाईच्या वाटेवर जशी एकावर एक रचना दिसते, तशी तिथेही एकामागून एक घुसखोरी झाली, फक्त ती वरून थर टाकत न होता आतून झाली.

या साऱ्या तर्काची परीक्षा पाहणारे यान २७ सप्टेंबर २००७ रोजी निघाले. नासाचे ‘डॉन’ १६ जुलै २०११ ला वेस्टाभोवती फिरू लागले आणि सप्टेंबर २०१२ पर्यंत तिथे राहिले. दक्षिणेचे विवर आणखी स्पष्ट झाले. सुमारे पाचशे किलोमीटर रुंद, मध्यभागी वीस किलोमीटरहून उंच शिखर. त्याला ऱ्हेआसिल्व्हिया हे नाव आहे आणि त्याच्याखाली त्याहून जुने व्हेनेनिया हे दुसरे विवर आहे. यानाने टिपलेली खनिजे आणि लोहाचे प्रमाण हॉवर्डाइट-युक्राइट-डायोजिनाइटशी जुळले, आणि ऱ्हेआसिल्व्हियाच्या खोदलेल्या भागात डायोजिनाइटसारखा खडक अधिक दिसला. संग्रहालयांच्या कपाटांतून मांडलेला चाळीस वर्षांचा अंदाज खरा ठरला. पण एक गोष्ट बसली नाही. दोन आघातांनी एवढे खोल खणले, तर त्याखालच्या प्रावरणातले ऑलिव्हिन उघडे पडायला हवे होते. ते तिथे जवळजवळ सापडले नाही, उलट थोडेसे उत्तरेकडे दिसले. २०१४ मध्ये हॅरॉल्ड क्लेने आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की वेस्टाचे कवच ८० किलोमीटरहून जाड असले पाहिजे. एवढ्या लहान गोलाला एवढे जाड कवच कोणत्याही जुन्या प्रतिकृतीत बसत नव्हते. २०२५ मध्ये डॉनच्याच मोजमापांचा पुन्हा काटेकोर हिशेब झाला, आणि वेस्टाच्या पोटात समजत होतो तसा मोठा लोहगाभा नसावा, आतली घडण बरीच एकसारखी असावी, असे दिसून आले. कदाचित वेस्टाचे थर पुरते वेगळे व्हायच्या आतच तो थंड झाला. कदाचित तो त्याहून मोठ्या, हरवलेल्या एखाद्या गोलाचा तुकडा आहे. ओल्बर्सची दोनशे वर्षांपूर्वीची कल्पना, वेगळ्या रूपात का होईना, पुन्हा मेजावर आली आहे.

पत्त्याचे काम मात्र अधिकच नेमके होत चालले आहे. इबितिरासारखे काही युक्राइट ऑक्सिजनच्या खुणेवरून दुसऱ्याच एखाद्या लघुग्रहाचे ठरले, म्हणजे वितळून कवच धरलेला वेस्टा एकटा नव्हता. आणि २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानातील सारिचिचेक गावात पडलेल्या हॉवर्डाइटचा माग काढताना अभ्यासक ऱ्हेआसिल्व्हियाच्या आतील अँटोनिया नावाच्या, जवळपास सतरा किलोमीटर रुंदीच्या विवरापर्यंत पोचले. तो दगड सुमारे २ कोटी २० लाख वर्षे अवकाशात एकटा फिरत होता, हे त्यात साठलेल्या विश्वकिरणांच्या खुणांनी सांगितले. गावाचे नाव, घराचे नाव, निघाल्याची वेळ, सारे काही. हे शक्य झाले कारण तो दगड पडताक्षणी कॅमेऱ्यांत टिपला गेला आणि गावकऱ्यांनी लगोलग उचलला. मानेगावच्या बाबतीत असे काही झाले नाही.

म्हणून वरंध, बिरवाडी, पोलादपूरच्या शेतकऱ्यांना आणि शाळांतल्या शिक्षकांना एक विनंती आहे. आपला मुलूख काळ्या दगडांचा, त्यात काळ्या कवचाचा अशनी सहज हरवतो. आकाशात मोठा आवाज होऊन काही पडल्याचे दिसले, तर वेळ आणि दिशा लिहून ठेवावी. पातळ, जळकट काळ्या सालीचा, तुटल्या जागी आतून फिकट राखाडी किंवा पिवळसर दिसणारा दगड सापडला, तर तो धुऊ नये, फोडू नये, त्याला लोहचुंबक लावू नये. चुंबकाने त्यातील प्राचीन चुंबकीय खुणा पुसल्या जातात. कोरड्या, स्वच्छ कागदात गुंडाळून तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला त्याच दिवशी कळवावे. अशनीतील काही किरणोत्सर्गी समस्थानिके पंधरा तासांत अर्धी होतात, त्यामुळे इथे उशीर परवडत नाही.